सगळ्यांचा एक खेळ
गावात, वस्तीत किंवा शाळेत मुखवटे आणि बाहुल्यांचे नाट्य उभे करताना

उन्हाळी सुट्टीत ठिकठिकाणी बाहुल्या बनवण्याची शिबिरे होतात. तीन दिवसांत प्रत्येक मूल एक बाहुली करते, शेवटच्या दिवशी पालक फोटो काढतात आणि बाहुली घरी जाऊन कपाटावर बसते. मुलांचे हात कामाला लागतात, हे चांगलेच आहे. पण नाट्य घडत नाही. मुखवटा चेहऱ्यावर चढतो आणि बाहुली कुणाच्या तरी हातात श्वास घेऊ लागते, तेव्हाच त्यांचे काम सुरू होते. त्यासाठी समोर प्रेक्षक लागतात, सोबत दहा-वीस माणसे लागतात आणि सगळ्यांची मिळून एक गोष्ट लागते. म्हणून असा उपक्रम हाती घेणाऱ्या शिक्षकांना, महिला मंडळांना, वाचनालयांना, तरुण मंडळांना माझे पहिले सांगणे हे की ‘प्रत्येकाला एक बाहुली’ हा हिशोब सोडा. वीस जणांत सहा मुखवटे, चार बाहुल्या आणि एक मोठी आकृती पुरे. बाकीचे वाजवतील, गातील, शिवतील, उजेड धरतील.

आपल्याकडच्या परंपरांनी हेच केले आहे. जव्हार, मोखाडा, पेठ, सुरगाणा या डोंगरपट्ट्यात होळीनंतरच्या रात्री बोहाडा रंगतो. संबळ आणि पिपाणीच्या तालावर एकेक सोंग मशालीच्या उजेडात पुढे येते, नाचते, निघून जाते. पहाटेला देवी आणि म्हैसासुराची लढाई होते. ती रात्र सगळ्या गावाची असते. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे पुतळे निघतात. १८८०च्या दशकापासून चालत आलेल्या या मिरवणुकीत सोबत बडग्यांचे पुतळे असतात, आणि त्या वर्षी लोकांना जे जे सलते ते बडग्यांच्या रूपाने रस्त्यावर येते. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यांतली मुले नरकासुराचे प्रचंड पुतळे उभे करतात आणि पहाटे जाळतात. यांतल्या कुठल्याही ठिकाणी ‘कलाकार’ आणि ‘प्रेक्षक’ अशी पक्की भिंत नाही. कुणी बांबू तासतो, कुणी कागद चिकटवतो, कुणी खांदा देतो. नवा उपक्रम करताना घ्यायचे ते हे.

आधी गोष्ट, मग कागद

बहुतेक जण थेट मुखवटे करायला बसतात आणि मग ‘आता यांचे करायचे काय’ असा प्रश्न पडतो. क्रम उलटा ठेवा. पहिल्या दोन बैठका फक्त बोलण्यात जाऊ द्या. वस्तीतल्या वयस्कर बायका-पुरुषांना बोलवा आणि विचारा, इथे पूर्वी काय होते? तळे कुणी बुजवले, वडाखाली कोण बसायचे, कुठल्या साली पाणी गावात शिरले, उसात बिबट्या पहिल्यांदा कधी दिसला? अशा बोलण्यातून दोन-तीन पात्रे आपोआप वर येतात. बिबट्या, बोअरवेल, एसटी, दुष्काळ, मोबाइलचा टॉवर, आजी. निर्जीव वस्तूला चेहरा देता येणे हे या कलेचे मोठे बळ आहे. साध्या नाटकात टँकरचे काम कोण करणार? मुखवट्यात ते सहज होते.

गोष्ट वीस मिनिटांपेक्षा लांब नको. संवाद थोडे ठेवा आणि शब्दांची जबाबदारी शक्यतो बाहेर उभ्या असलेल्या सूत्रधारावर टाका. पिंगुळी गावच्या चित्रकथीत असेच असते. पोथीतले एकेक चित्र समोर येते आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने कथेकरी सगळ्या पात्रांच्या वतीने बोलतो, गातो. नवशिक्या गटाला ही पद्धत फार सोयीची पडते. मुखवट्याआडून बोललेले कुणाला ऐकू जात नाही, आणि पाठांतराची धास्ती असलेली मुले-माणसे मोकळेपणाने हालचाल करू लागतात.

टीका करायची असेल तर अडचणीवर करा, शेजाऱ्यावर नको. पाणीटंचाईचा राक्षस करा. वस्तीतल्या एखाद्या माणसाचे नाक-डोळे मुखवट्यावर उतरवून त्याचे चारचौघांत हसे करू नका. लहान जागेत तो घाव वर्षानुवर्षे राहतो आणि पुढच्या वर्षी निम्मी माणसे येत नाहीत.

मुखवटा घडवताना

लाकडी मुखवटे कोरणे हे कसबी हातांचे काम आहे. गटासाठी कागदच उत्तम. दहा मुखवट्यांना एक किलो रद्दी, अर्धा किलो मैदा आणि शाडू एवढ्यावर भागते. शाडूचे साचे तीन-चारच करा. एका साच्यावरून एकामागून एक मुखवटे निघतात आणि माती भिजवून पुन्हा वापरता येते.

साचा पाटावर घडवा. कपाळाच्या केसांपासून हनुवटीपर्यंत माप घेऊन चारी बाजूंनी दोन बोटे जास्त धरा. नाक, गालफडे, भुवया भरपूर उठावदार करा. कागदाचे आठ थर चढल्यावर बारीक काम बुजून जाते आणि उरतो तो फक्त मोठा आकार. वीस-पंचवीस फुटांवरून चेहरा ओळखू आला पाहिजे, म्हणून मातीचा साचा मैदानाच्या टोकाशी ठेवून लांबून पाहा. नाकपुड्यांत किंवा कानामागे आत वळणाऱ्या खोबणी ठेवू नका, तिथे कागद अडकतो आणि मुखवटा निघताना फाटतो.

खळ अशी करावी : एक वाटी मैदा गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, चार-पाच वाट्या उकळत्या पाण्यात ओता आणि मंद आचेवर काचेसारखी दिसेपर्यंत ढवळा. कडुनिंबाचा पाला उकळून गाळलेल्या पाण्यात खळ शिजवली तर कीड कमी लागते. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे. तो विषारी आहे, मुले हात घालणार असतील तिथे मुळीच वापरू नका. उन्हाळ्यात खळ दोन दिवसांत आंबते, तेव्हा रोजची रोज करा.

कागद कात्रीने कापू नये, हाताने फाडावा. फाटलेली कड विरळ असते, ती शेजारच्या तुकड्यात मिसळून जाते. कापलेल्या कडेची रेघ रंगाखालूनही दिसते. पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या कागदाचा द्या, म्हणजे मुखवटा मातीपासून सुटतो. त्यानंतर खळीचे थर. एक थर वर्तमानपत्राचा, एक खाकी कागदाचा असे आलटून पालटून द्या. त्यामुळे कुठे थर राहून गेला ते लगेच कळते, आणि पट्ट्यांची दिशाही दर थराला बदला. सहा थरांना मुखवटा उभा राहतो, आठ थरांना मार सोसतो. गर्दीत वापरायचा असेल तर आठच द्या.

वाळवण्याची घाई करू नका. पहिला दिवस सावलीत, मग ऊन. एकदम कडक उन्हात ठेवला तर कडा वळतात. कोकणात, घाटात आणि गोव्यात पावसाळ्यात हे काम काढूच नये. कागद आतून ओला राहतो आणि बुरशी धरते. दिवाळीनंतर सुरुवात करून होळीच्या सुमारास प्रयोग हे वेळापत्रक महाराष्ट्राच्या हवेला जुळते. २१ मार्च हा जागतिक बाहुलीनाट्य दिन आहे, तोही याच दिवसांत येतो.

निघालेल्या मुखवट्याच्या कडेला जुन्या सुती कापडाची पट्टी चिकटवा. आत कपाळाला आणि दोन्ही गालांना कापसाच्या लहान गाद्या लावा. नाका-तोंडासमोर दोन बोटांची पोकळी राहिली पाहिजे. हे केले नाही तर मुखवटा कितीही देखणा असला तरी घालणारा पाच मिनिटांत कासावीस होतो. डोळ्यांची भोके शेवटी, घालणाऱ्याच्या चेहऱ्यावर धरून खूण करून पाडा. माणसाचे डोळे आणि मुखवट्याचे डोळे बहुधा एका जागी येत नाहीत. तेव्हा भोके पापणीखालच्या सावलीत किंवा नाकपुडीत लपवा. मुखवट्यातून पायाखालचे दिसत नाही, म्हणून खेळाची जागा सपाट हवी आणि प्रत्येक मुखवट्यामागे एक सोबती हवा.

रंगाआधी खडूची पूड, फेव्हिकॉल आणि पाणी यांचा पांढरा हात द्या. मग ज्या उजेडात प्रयोग होणार त्याच उजेडात रंग ठरवा. पिवळ्या दिव्याखाली फिका पिवळा पांढरा दिसतो आणि निळा मळकट होतो. दुपारी वर्गात झकास वाटलेला चेहरा रात्री ओळखू येत नाही, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

घालायला शिकवणे

इथे बहुतेक शिबिरे थांबतात, आणि खरे शिक्षण इथेच आहे. मुखवटा हाती येताच तो घालून ओरडायचे, एकमेकांना घाबरवायचे, हे पाच मिनिटे होऊ द्या. मग शांत बसवा. ज्याला मुखवटा घालायचा आहे त्याने आधी तो हातात धरून दोन-तीन मिनिटे पाहायचा. प्रेक्षकांकडे पाठ करून घालायचा आणि सावकाश वळायचे. या एका शिस्तीने पाहणाऱ्यांचाही श्वास बदलतो.

मुखवट्यातला माणूस डोळ्यांनी बघत नाही, नाकाने बघतो. डोळे फिरवले तर बाहेर काहीच दिसत नाही, पूर्ण मान वळवावी लागते. वळा, थांबा, मग चाला. एका वेळी एकच गोष्ट. नवशिका माणूस सतत हलत राहतो आणि त्यामुळे मुखवटा मेल्यासारखा दिसतो. बोहाड्यातली सोंगे पाहिलीत तर लक्षात येईल की पावले मोजकी असतात, तीच तीच असतात आणि वाद्याशी घट्ट बांधलेली असतात. गटालाही प्रत्येक पात्राची एक चाल आणि एक ठेका ठरवून द्या. बिबट्याचा ठेका वेगळा, आजीचा वेगळा. ढोलकी नसली तरी पत्र्याचा डबा चालतो.

लहान मुलांसमोर खेळ असेल तर मुखवटा त्यांच्यासमोरच चढवून दाखवा. पाच वर्षांच्या आतली मुले मुखवट्याला खरोखर भितात आणि ती भीती हसण्यावारी नेऊ नये. घालणाऱ्यालाही सलग दहा मिनिटांहून जास्त वेळ मुखवट्यात ठेवू नका. आलटून पालटून दोघांनी एकच पात्र करावे. एकच बिबट्या कधी मुलाच्या तर कधी मुलीच्या अंगावर चढतो, हे पाहायलाही फार छान वाटते.

बाहुलीचे शिक्षण सुरू करताना बाहुली देऊच नका. वर्तमानपत्राचा मोठा कागद चुरगाळून डोके, धड, दोन हात, दोन पाय अशी ढोबळ आकृती करा आणि तिघांच्या हाती द्या. एकाकडे डोके व एक हात, दुसऱ्याकडे पाठ व दुसरा हात, तिसऱ्याकडे पाय. काम एकच : तिला झोपेतून उठवा आणि टेबलावर चालवा. तिघांनी आधी एकत्र श्वास घ्यावा लागतो, एकाने पुढाकार घ्यावा लागतो, दोघांनी मागे राहावे लागते. तिघांचीही नजर बाहुलीवर असली पाहिजे, प्रेक्षकांवर नाही. आपण जिथे पाहतो तिथेच प्रेक्षक पाहतात. हा सराव मोठ्या माणसांनाही बाहुली म्हणजे काय ते तासाभरात समजावून देतो, आणि गटात कोण कुणाचे ऐकत नाही हेही उघड करतो.

पुढे हातमोज्याच्या बाहुल्या घ्या. तर्जनी डोक्यात, अंगठा आणि मधले बोट दोन हातांत. मानेत पुठ्ठ्याची नळी बोटाच्या मापाची हवी, सैल राहिली तर डोके डुगडुगते. नियम थोडे आहेत. बोलणारी बाहुली हलते, ऐकणारी स्थिर राहते आणि बोलणारीकडे तोंड ठेवते. बाहुली पडद्यामागून खालून टपकन वर येत नाही, चालत येते. तिचे पाय दिसत नसले तरी जमीन कुठे आहे ते चालवणाऱ्याला ठाऊक हवे. हात दुखला की ती बुडू लागते, म्हणून प्रवेश दोन-तीन मिनिटांचे ठेवा.

छायानाट्य हा सर्वांत स्वस्त आणि पटकन फळ देणारा प्रकार आहे. ताणून बांधलेले पांढरे सुती धोतर, पुठ्ठ्याच्या आकृती, सायकलची आरी किंवा बांबूची काडी. उजेड मात्र एका ठिपक्यातून येणारा हवा. ट्यूबलाइटने सावली पसरते आणि विरते. मोबाइलचा टॉर्च त्यासाठी उत्तम चालतो. आकृती पडद्याला टेकली की सावली रेखीव, दिव्याकडे सरकली की मोठी व धूसर. मुलांना हे सांगायची गरज नसते, ती स्वतःच शोधून काढतात. जाड कागदाला थोडे तेल चोळले की तो अर्धपारदर्शक होतो आणि त्यातून रंगही दिसतात.

कळसूत्री बाहुल्या मात्र पहिल्या वर्षी घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. दोऱ्यांचा समतोल साधायला लागणारा वेळ शिबिरात नसतो. मुले वैतागतात आणि दोष स्वतःच्या हातांना देतात. त्या पाहाव्यात, आणि त्या जाणणाऱ्यांकडूनच.

मोठी आकृती

मिरवणुकीत किंवा पटांगणात खेळायचे असेल तर एक आठ-दहा फुटी आकृती करा. सगळी वस्ती तिच्यामुळे जमते. ओल्या बांबूच्या कामट्या पाण्यात भिजवून वाकवा आणि सुतळीने बांधा. तार वापरलीत तर टोके आत वळवा. डोके कागदाचे, अंग जुन्या साड्यांचे. वजन आठ किलोंच्या आत राहिले पाहिजे, कारण ते एका माणसाच्या खांद्यावर येते. हात वेगळ्या काठ्यांवर, वेगळ्या दोघांकडे. वाऱ्याच्या दिवशी मोठे सपाट कापड शिडासारखे भरते, तेव्हा त्याला मधेमधे चिरा द्या.

निघण्याआधी सगळा रस्ता चालून विजेच्या तारा पाहून घ्या. आकृतीची उंची तारांवरून ठरवायची, हौसेवरून नव्हे. मशालीही नकोत, अंगभर कागद आणि कापड असताना ठिणगी पुरते.

जाणत्यांकडे कसे जावे

कुडाळ तालुक्यातल्या पिंगुळीच्या ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या छायाबाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. सावंतवाडीच्या राजघराण्याचा त्यांना आश्रय होता. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, आणि त्यांनी उभारलेले ठाकर आदिवासी कला आंगण हे संग्रहालय पाहता येते. मराठी रंगभूमीचे जनक विष्णुदास भावे यांनीही लाकडी बाहुल्या घडवल्या होत्या आणि बाहुलीकार रामदास पाध्ये यांनी त्या बाहुल्या पुन्हा उभ्या केल्या. शिक्षकांसाठी दिल्लीचे सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र बाहुल्यांच्या शैक्षणिक वापराची शिबिरे घेत आले आहे. आपल्या शाळेमार्फत चौकशी करावी.

पारंपरिक कलावंताला बोलावताना मानधन, प्रवास आणि राहण्याची सोय आधी ठरवा आणि आधी सांगा. ‘तुमच्या कलेचा प्रसार होईल’ हे मानधन नव्हे. काय शिकवायचे ते त्यांना ठरवू द्या. काही गोष्टी ते घराबाहेर देत नसतील तर तो त्यांचा अधिकार आहे. प्रयोगाचे चित्रीकरण विचारून करा.

बोहाड्याचे मुखवटे पूजेचे आहेत. ते घालण्याचे मान आहेत, नेम आहेत. स्नेहसंमेलनासाठी त्यांची नक्कल करून सिनेमाच्या गाण्यावर नाचवणे, हे ज्यांच्या देवांचे मुखवटे आहेत त्यांना दुखावणारे आहे. त्यांच्याकडून रचना शिका, ताल शिका, रात्रभर गाव कसे जागते ते शिका. चेहरे तुमच्या वस्तीतले असू द्या.

कामाची वाटणी

गटात एखादा चित्रकलेचा जाणकार असतो आणि नकळत सगळे त्याच्याकडे सरकते. हे पहिल्या आठवड्यातच रोखा. कागद फाडायला पाच वर्षांचे मूल चालते. गोधड्या शिवणाऱ्या आजींच्या हाताला जो टाका आहे तो शिबिर घेणाऱ्याकडे नसतो, तेव्हा बाहुल्यांचे कपडे त्यांच्याकडे द्या आणि त्यांचे नाव फलकावर लिहा. बांबूचे काम बुरूड कारागिराकडून पैसे देऊन शिका. मुलींना गाण्यात आणि मुलांना मोठ्या आकृतीखाली, अशी आपसूक होणारी विभागणीही मोडावी लागते.

प्रयोगाची तारीख पहिल्याच दिवशी जाहीर करा. तारीख नसेल तर रंगकाम संपतच नाही. एकूण दिवसांपैकी निम्मे बनवण्याला आणि निम्मे खेळण्याला, हे प्रमाण सोडू नका. मुखवटे थोडे कच्चे राहिले तरी चालतील, तालीम कच्ची नको.

प्रयोग झाला की मुखवटे घरोघरी वाटू नका. एक मोठी पत्र्याची पेटी घ्या, तळाशी कडुनिंबाचा वाळलेला पाला पसरा, प्रत्येक मुखवटा सुती कापडात गुंडाळून ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते. पावसाळा संपला की पेटी उघडून सगळे उन्हात मांडा आणि डागडुजीचा एक दिवस करा. पेटीत एक वही ठेवा : कुठला मुखवटा कुणी घडवला, कुणी घातला, कुठल्या साली. ही पेटी कुणाच्या घरी नको, कारण घर बदलते, माणसांचे बिनसते. शाळा, वाचनालय किंवा ग्रामपंचायतीत तिला कायमची जागा हवी. जिथे ही जागा मिळत नाही तिथे दुसऱ्या वर्षी सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते आणि तिसऱ्या वर्षी कुणी करत नाही. तेव्हा पहिल्या बैठकीला सरपंचांना किंवा मुख्याध्यापकांना बोलवा आणि मैदा-कागदाच्या खर्चाआधी पेटीच्या जागेचे बोलून घ्या.